गाव फुकट मिळत नसतं

“काका, मी गेवराई तालुक्यातला. संभाजीनगरला विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकलो, दोन सिनेमांवर सहाय्यक म्हणून राबलो. आता स्वतःचा पहिला सिनेमा करायचाय. आई-बाप ऊसतोडीला गेल्यावर आजीजवळ राहणाऱ्या बारा वर्षांच्या मुलीची गोष्ट आहे, नव्वद मिनिटांची. साडेसहा लाख जमलेत. कमी पडले तर वडील अर्धा एकर विकायला तयार आहेत. मित्रांना मे महिन्यात सुट्टी असते, म्हणून अठरा दिवसांत सगळं उरकायचं ठरवलंय. गाव आपलंच, त्यामुळे घरं, माणसं, बैलजोडी सगळं फुकट आहे. संहिता आणि खर्चाचा कागद सोबत जोडलाय. जमेल का?”

बाळा, काका म्हणालास म्हणून ‘तू’च म्हणतो.

आधी जमिनीचं बोलू. विकू नको. अर्धा एकर सोड, बांधावरची बाभळसुद्धा विकू नको. ज्यात नावाजलेला नट नाही असा मराठी सिनेमा थिएटरात लावायचा तर जाहिरातीलाच सिनेमाएवढा पैसा लागतो, आणि तो तुझ्याकडे नाही. सरकारी अनुदानाचा आकडा तू जमेच्या बाजूला धरलायस, तो आत्ताच खोडून टाक. ते अनुदान सिनेमा पुरा झाल्यावर, सेन्सॉर झाल्यावर, परीक्षणात दर्जा मिळाला तर मिळतं. त्याच्या भरवशावर आज वावर विकणं म्हणजे ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेणं. तुझ्या गोष्टीतला बाप त्या उचलीपायीच दरवर्षी गाडीत बसतो, हे तूच लिहिलंयस.

संहिता दोनदा वाचली. चांगली आहे. आजी रात्री कुलूप लावलेल्या शेजारच्या घराला हात लावून बघते, तो सीन वाचून थांबलो होतो. पण हा सिनेमा तू मे महिन्यात काढणार म्हणतोस, म्हणजे तो सीन तुला मिळणार कसा? मे महिन्यात कुलपं असतात का तुझ्या गावात? हंगाम संपून ऊसतोडीला गेलेले कोयते परत आलेले असतात, लग्नं लागत असतात, पारावर माणूस मावत नाही. गोष्ट गाव रिकामं होण्याची, आणि शूटिंग गाव भरलेलं असताना! मग तू काय करणार, तर दहा घरांना कुलपं लावायला लावणार, माणसांना फ्रेमबाहेर हाकलणार, पोरांना बिस्किटाचे पुडे देऊन गप्प बसवणार. जे डिसेंबरात आपोआप समोर असतं ते मे महिन्यात पैसे मोजून उभं करायचं, हे कमी बजेटच्या माणसाला परवडत नाही.

शिवाय ऊन. बेचाळीस डिग्रीत तुझ्या मित्राचा तो बारका मिररलेस कॅमेरा पंधरा-वीस मिनिटांत तापून बंद पडेल. दुपारी अकरा ते चार बाहेरचा उजेड असा सरळ डोक्यावरून पडतो की माणसाचे डोळे काळे खड्डे दिसतात. आणि आतले सीन घेतो म्हणशील तर पत्र्याचं घर. ऊन चढताना पत्रा तडतडतो आणि उतरतानाही तडतडतो. तो आवाज संवादातून काढता काढता एडिटिंगच्या टेबलावर रडशील. मी रडलोय.

म्हणून अठरा दिवस एका दमात नको. तुझ्या गोष्टीचंच वेळापत्रक घे. दसरा-दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, तेव्हा चार दिवस. गाडी लागते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी, कोंबड्या, लेकरं चढतात. ते दृश्य तुला कुणी उभं करून देणार नाही, पैसे टाकूनही नाही. मग डिसेंबर-जानेवारीत सात दिवस. ज्वारी हुरड्यात असते, सकाळी धुकं असतं, सूर्य दिवसभर कलता राहतो, त्यामुळे दुपारीसुद्धा काम चालतं. आणि शेवटी टोळ्या परततात तेव्हा तीन दिवस. झाले चौदा. मित्र सगळे तिन्ही वेळा येणार नाहीत, हे मला कळतं. नको येऊ देत. तुझ्या यादीत बावीस माणसं आहेत, त्यातली अकरा कशासाठी आहेत ते मला तरी समजलं नाही. दोन ‘क्रिएटिव्ह’ आहेत, एक ‘असोसिएट क्रिएटिव्ह’ आहे. गावात एकाच चहाच्या टपरीवर अकरा माणसं बसली तर पाहुणे वाटतात, बावीस बसली तर मोर्चा वाटतो.

तीन टप्प्यांत अडचण एकच, आणि ती मोठी आहे. तुला आई-बापाच्या भूमिकेत खरीखुरी ऊसतोड करणारी जोडी हवीय. ती जोडी डिसेंबरात कुठे असेल? सांगलीकडे, नाहीतर कर्नाटकात, उसाच्या फडात. मी म्हणतो हे बरंच झालं. गोष्टीतही ती दोघं डिसेंबरात गावात नाहीतच. मुलगी त्यांच्याशी फोनवर बोलते, तो आवाज तू खरंच फडातून रेकॉर्ड करून आण. तू लिहिलेला कोपीतला, म्हणजे फडावरच्या त्यांच्या झोपडीतला, बारा पानांचा भाग मात्र पूर्ण काढ. त्या एका भागासाठी तुला तीनशे किलोमीटर युनिट न्यावं लागेल, आणि सिनेमा मुलीच्या नजरेचा आहे. तिने कोपी यंदा पाहिलेलीच नाही, मग आम्ही का बघायची?

पिकाचं एक सांगतो. संहितेत पान तेहेतीसवर मुलगी उभ्या तुरीत लपते आणि पान एकोणचाळीसवर आजी तिला तिथेच शोधते. दोन्ही सीन एकाच दिवशी घे. तूर डिसेंबर-जानेवारीत काढणीला येते, आणि शेतकरी तुझ्या पान एकोणचाळीससाठी थांबत नसतो. सोयाबीन तर ऑक्टोबरातच गेलेलं असेल. कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ, शहरातले लोक शर्टाच्या बटणांपुरती समजतात. आपल्याकडे कंटिन्युइटी म्हणजे वावर. नदीचंही तसंच. गोदावरीच्या पात्रातला सीन ठेवलायस, तर वर पैठणहून पाणी सुटणार आहे का ते आदल्या दिवशी विचार. पाणी सुटलं की काल जिथे वाळू होती तिथे आज काही नसतं, आणि लेकरू घेऊन पात्रात उतरायचं असेल तर हा प्रश्न नुसत्या कंटिन्युइटीचा राहत नाही.

आता खर्चाचा कागद. कॅमेरा दीड लाख, ड्रोन साठ हजार, पुण्याहून आजीच्या भूमिकेसाठी नटी दोन लाख, ध्वनी पंधरा हजार, जेवण वीस हजार. बाकीचं ‘इतर’.

जेवणाचा हिशोब मी करून पाहिला. बावीस माणसं, अठरा दिवस, वीस हजार. माणशी रोजचे पन्नास रुपये. त्यात नाश्ता, दोन वेळचं जेवण आणि चहा. बाळा, पन्नास रुपयांत गेवराईच्या स्टँडवर काय मिळतं ते तूच सांग. तू मनात धरलंयस की आई आणि दोन चुलत्या रांधतील. रांधतील, आवडीने रांधतील, पहिले चार दिवस. पाचव्या दिवशी चुलती वावरात जाईल, कारण तिला जावंच लागतं. तुझं युनिट उपाशी बसेल आणि घरात भांडण लागेल ते वेगळंच. गावातल्या दोन बायांना रोजावर स्वयंपाकाला लाव, धान्य-किराणा तू भर, पैसे रोजच्या रोज संध्याकाळी दे. भाकरी, पिठलं, ठेचा, आठवड्यातून एकदा मटण. अकरा युनिटची आणि सात-आठ गावची माणसं धर, चौदा दिवसांना साठ-सत्तर हजार लागतील. या रकमेला हात लावायचा नाही. कमी बजेटचे सिनेमे पैसा संपून बंद पडतात असं लोक म्हणतात. मी पाहिलेले तीन बंद पडले, त्यातले दोन जेवणावरून.

ध्वनीला पंधरा हजार आणि ड्रोनला साठ? उलटं कर. खरं तर ड्रोन काढूनच टाक. बारा वर्षांच्या मुलीची गोष्ट आहे, तिला आभाळातून गाव कधी दिसलंय? आणि उडवायचाच असेल तर २०२१ च्या ड्रोन नियमावलीत अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही. मित्राच्या मित्राने भाड्याने आणलेलं ते मोठं धूड त्यात बसत नाही. त्या पैशात बूम, म्हणजे लांब दांडीचा माइक, आणि दोन कॉलर माइक घेऊन येणारा नीट ध्वनिमुद्रक चौदा दिवस ठेव. चित्र जरा मळकट असलं तरी प्रेक्षक बसतो, शब्द कळेनासे झाले की उठतो.

गाव शांत असतं हा गैरसमज आहे. थ्री-फेज लाईट आली की चहूकडून मोटारी सुरू होतात, आणि ती कधी दिवसपाळीत असते कधी रात्रपाळीत, म्हणून वायरमनला गाठून आठवड्याचं वेळापत्रक आधीच घे. सप्ताह बसला असेल तर सात दिवस भोंगा चालू राहील. तो बंद करा म्हणायला जाऊ नको, तारखा आधीच विचारून ठेव. लग्नाच्या वरातीचा डीजे लांबून ऐकू येत असेल तर टेक थांबव. त्या गाण्याचे हक्क कुणा कंपनीचे असतात, आणि संवादाखाली चिकटलेलं गाणं नंतर सुटत नाही. गाणंच हवं असेल तर गावातल्या म्हाताऱ्यांना जात्यावर बसव, ओव्या मुद्रित कर, आणि त्यांची नावं श्रेयनामावलीत घाल. मानधन दे, नुसती साडी-चोळी करून भागवू नको.

पत्र्याच्या घराऐवजी माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर शोध. तुमच्याकडे अजून असतील चार-दोन उभी. आत गारवा असतो, मातीच्या भिंती आवाज पिऊन टाकतात, आणि सान्यातून, छतातल्या त्या झरोक्यातून, खाली पडणारा उजेडाचा कवडसा दहा ते बारापर्यंत असा सरकतो की लाइटवाल्याची गरज पडत नाही. खालच्या जमिनीवर पांढरी चादर अंथरलीस तर आजीच्या चेहऱ्यावर उजेड उसळून येतो. एवढंच तंत्र. खर्च शून्य.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या वाक्यापाशी मी अडलो त्यावर येतो. “गाव आपलंच, त्यामुळे सगळं फुकट आहे.”

बारा-पंधरा वर्षांपूर्वी आम्ही लातूरकडच्या एका गावात काम करत होतो. मी व्यवस्थापन बघायचो. एका म्हातारीचं घर घेतलं होतं, फुकट, कारण सरपंच म्हणाला घ्या. तिचंच एक इरकल लुगडं नटीला नेसवलं. शूटिंग संपलं. दिग्दर्शक म्हणाला, पॅचवर्क लागेल, सुटलेले शॉट घ्यावे लागतील, लुगडं राहू दे आपल्याकडे. पॅचवर्क काही झालं नाही, सिनेमाही कुठे लागला नाही. चार वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी त्या गावात गेलो तर म्हातारी ओट्यावर बसलेली. मला ओळखलं. पाणी दिलं. मग म्हणाली, “लुगडं आनलं का?” तिच्या लेकीने पहिल्या बाळंतपणानंतर घेतलेलं होतं ते. मी पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत. तेव्हापासून कुणी फुकट म्हटलं की मला तो ओटा दिसतो.

तू तर परक्या गावचा नाहीस. आम्ही निघून गेलो, तुला तिथेच राहायचंय. घर वापरलंस तर दिवसाचं भाडं दे, थोडं का होईना, आणि कागदावर सही घे. चूल मोडली तर त्याच संध्याकाळी लिंपून दे. गर्दीत उभा राहणाऱ्या माणसाचा रोज बुडत असतो. सोयाबीन काढणीत किंवा कापूस वेचणीत ज्या दिवशी जी मजुरी चालू असेल तेवढी तरी दे, पोलिस पाटलाच्या भावालाही आणि वस्तीवरच्या बाईलाही सारखीच. यात भेद केलास की ते दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला कळतं. वापरायला घेतलेल्या प्रत्येक वस्तूची वही ठेव. कुणाचं काय, कधी घेतलं, कधी परत केलं. ही वही सांभाळायला एक माणूस नेम, त्या दोन ‘क्रिएटिव्ह’पैकी एकाला लाव कामाला.

परवानग्यांचं थोडक्यात. ग्रामपंचायतीचं लेखी पत्र आणि पोलिस ठाण्यात तारखांसह लेखी सूचना, दोन्हीवर पोच घे. मामा सरपंच आहे म्हणून तोंडी चालेल असं तू लिहिलंयस. मामाच्या विरोधात कोण लढलं होतं ते आठव आणि त्याच्या घरी चहाला आधी जा. शाळेसाठी मुख्याध्यापक आणि जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग, एसटीत किंवा स्टँडवर काही घ्यायचं तर महामंडळ. वेरूळ-देवगिरीचा तो स्वप्नातला शॉट केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय होणार नाही, आणि झाला तरी तुझ्या सिनेमात तो सहलीचा फोटो दिसेल.

मुलीच्या बाबतीत मात्र थोडक्यात भागणार नाही. चौदा वर्षांखालच्या कलाकारासाठी कायदा आहे, आणि तू पत्रात त्याचा उल्लेखही केला नाहीस. जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते. सलग सत्तावीस दिवसांहून जास्त घेता येत नाही, ते तुला लागणारही नाहीत. तिच्या मानधनातला किमान वीस टक्के वाटा राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावावर मुदत ठेवीत टाकायचा. म्हणजे तिला मानधन असलंच पाहिजे, हे तुझ्या कागदावर कुठे दिसलं नाही. रोज पाच तासांचं गणित धरून वेळापत्रक परत मांड. सकाळी सात ते साडेनऊ आणि दुपारी साडेतीन ते सहा, उजेडही तेव्हाच चांगला असतो. मधल्या वेळेत आजीचे, वस्तूंचे, रिकाम्या गल्लीचे शॉट घे. दिवाळीची सुट्टी धर, तिची शाळा बुडवू नको. ऊसतोडीमुळे शाळा सुटलेल्या मुलीवर सिनेमा काढायचा आणि त्यासाठी एका मुलीची शाळा बुडवायची, असं नको व्हायला.

बैलजोडी. कथेत काम करणारं जनावर दाखवायचं तर प्राणी कल्याण मंडळाची शूटिंगआधी परवानगी आणि नंतर ना-हरकत लागते, नाहीतर सेन्सॉरला सिनेमा अडकतो. तुझे बैलांचे आठ सीन आहेत. सहा सीनमध्ये बैल नुसते मागे उभे आहेत. तिथे घुंगरमाळेचा आवाज पुरे, बैल भिंतीपलीकडे आहेत हे प्रेक्षकाला कळतं. उरलेल्या दोनसाठी कागद कर, किंवा तेही काढ.

आजीच्या भूमिकेला पुण्याहून नटी आणू नको, हे मी पैशासाठी म्हणत नाही. संहितेतली आजी “काय करतुयास रं पोरा” म्हणते. हे तू कुठून ऐकलंस? सिनेमातूनच. ही कोल्हापूरकडून उचललेली ‘ग्रामीण’ भाषा आपल्याकडे कुणी बोलत नाही. तुझी स्वतःची आजी “काय करायलास रे” म्हणेल, “लेकराला जेवू तर घाल माय” म्हणेल. सगळे संवाद एकदा गावातल्या म्हाताऱ्या बाईला वाचून दाखव आणि ती हसेल तिथे खूण कर. मग तिलाच विचार, काम करशील का. कॅमेरा आठ दिवस आधी घरात नेऊन नुसता ठेव, चालू न करता. संवाद पाठ करायला देऊ नको, प्रसंग सांग आणि तिच्या शब्दांत बोलू दे. एका टेकमध्ये होणार नाही, पण पाचव्यात असं काही येईल की तू लिहिलेलं विसरशील.

संहितेत शेजारच्या बाईचं गर्भाशय काढल्याचा एक प्रसंग आहे. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांची गर्भाशयं काढली गेल्याची बातमी देशभर झाली, आणि तेव्हापासून कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली होती. बायांनी तीच गोष्ट किती जणांना सांगायची? तू तिथलाच असून तुझा तो प्रसंग बाहेरून आलेल्याने लिहिल्यासारखा वाटतो, त्यात बाई फक्त रडते. तो ठेवायचा असेल तर त्या बाईला सिनेमात दुसरंही काही काम दे. तिला उधारी मागू दे, भांडू दे, मुलीला ओरडू दे.

हिशोबाचं शेवटचं. साडेसहा लाखांतले सव्वादोन लाख आजच वेगळ्या खात्यात टाक, एडिटिंग, ध्वनिमिश्रण, रंगदुरुस्ती, सबटायटल यासाठी. शूटिंगमध्ये कितीही अडलं तरी तिकडे हात घालायचा नाही. फूटेज रोज रात्री दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरव, आणि त्या दोन डिस्क दोन वेगळ्या घरी झोपल्या पाहिजेत. तुझा मित्र ज्या सेटिंगवर काढतो म्हणतो त्यात तासाला पंचेचाळीस जीबी भरतं, तेवढी जागा आधी विकत घे. सिनेमा झाल्यावर पुण्याचा महोत्सव आहे, आपला अजिंठा-वेरूळ महोत्सव संभाजीनगरलाच होतो. यंदा तिथे प्रेक्षक म्हणून जा, पाच दिवस बसून बघ, तुझ्यासारख्यांनी काय केलंय ते. पण पहिला खेळ गावात, शाळेच्या भिंतीवर चादर लावून, टोळ्या परत आल्यावर.

मुकादमाला आत्ताच भेटून ठेव, यंदा गाडी कधी लागणार ते विचार. तो तारीख सांगेल, मग ती दोनदा बदलेल, आणि खरी तारीख आदल्या रात्री कळेल. म्हणून त्या चार दिवसांसाठी भाड्याचा कॅमेरा बोलावू नको, मित्राचाच घे, आणि तो दसऱ्यापासून तुझ्या घरी चार्ज करून ठेव.